तारेला हात लावणारा

परशुराम केळूसकर तांदूळ घ्यायला गेला तरी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा दाणा वर काढून बघायचा. वरचा माल चांगला असतोच, असं त्याचं म्हणणं. देवबागात केबल टीव्ही आणणारा हा पहिला माणूस, आणि त्या धंद्यानंच त्याला असं करून ठेवलं होतं. त्या काळी लोक शेजाऱ्याच्या तारेला गुपचूप जोड मारून फुकटात मालिका बघायचे. परशुराम सायकल हातात धरून, मान वर करून माडामाडाखालून फिरायचा. आपल्या हातचा नसलेला जोड दिसला की चोर सापडला, हे त्याचं गणित कधी चुकलं नाही.

पुढे केबल मागे पडली, घरोघर लोक इंटरनेट मागू लागले, तेव्हा त्यानं जुनी जाड तार उतरवून फायबर ओढली. कशी? तर जुनी होती तश्शीच. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या त्या वाळूच्या पट्टीवर माडाला काय तोटा! माडावरून माडावर तार ताणून बांधायची आणि माडाच्या मालकाला कनेक्शन फुकट द्यायचं. पाहुणे ठेवणारी सगळी घरं त्याच्याकडेच होती. हल्लीचा पाहुणा सुरमई ताजी आहे का हे नंतर विचारतो, वायफाय आहे का हे आधी.

मग मोठी कंपनी आली. तिनं रस्त्याकडेनं स्वतःचे खांब रोवले, पहिले काही महिने फुकट म्हणून जाहीर केलं आणि वर प्रत्येक घराला छत्री वाटली. फुकट छत्री देणारा माणूस पुढे घर मागतो, असं परशुराम नाक्यावर सांगत फिरला. लोकांनी ऐकलं आणि छत्र्या घेतल्या. ते सगळं त्यानं गिळलं असतं. पण निळं जाकीट घालून, शिडी खांद्यावर टाकून कंपनीची कनेक्शनं जोडत फिरणारा पोरगा होता सर्वेश, त्याचा भाचा.

परशुराम आणि यशोदेला मूलबाळ नाही. सर्वेश त्यांच्याच घरी वाढला, मामाच्या मागून माडावर चढायला शिकला. पगार मिळतो म्हणून तो कंपनीत गेला, त्या दिवसापासून परशुराम त्याच्याशी बोलला नाही. पोरानं मग मालवणात खोली घेतली. घर फिरलं की वासे फिरतात, एवढंच परशुराम म्हणाला, आणि यशोदेनं जेवायचं टाकलं तरी त्यानं बोलणं बदललं नाही.

त्यानंतर लाईन जायला लागली. परशुराम बघायला जायचा तर तार दोन तुकडे होऊन लोंबत असायची, आणि तीही बहुतेकदा वाडीतल्या म्हाताऱ्या हौसाबाईच्या माडांच्या परड्यात. खाली वाळू स्वच्छ. ना फांदी, ना माकड, ना काही. मालवणातून फायबर जोडायचं मशीन घेऊन माणूस येईपर्यंत दिवस मावळायचा. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी तो पोचायच्या आत लाईन आपोआप सुरू व्हायची, आणि माडावर एक काळी डबी दिसायची. नवा जोड. त्याच्या हातचा नसलेला.

परशुरामानं आपलं जुनं गणित मांडलं. कोणीतरी आपल्याला खेळवतंय. बंद करतंय, सुरू करतंय. गिऱ्हाईक वैतागून कंपनीकडे जावं म्हणून. लाईन गेली की यशोदा फोन घेऊन विहिरीकडे जाते, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही. ती कोणाशी बोलते, हे विचारायची मात्र त्याला भीती वाटली.

शेवटी शेजारच्या जानकीनं सांगितलं, "काल तुझ्या भाच्याक बघलंय. हौसाबायच्या माडार शिडी लावन तुझीच तार हातात धरलेल्यान."

आणखी पुरावा तो काय हवा? परशुराम नारळ घेऊन तडक देवळात गेला. गावकऱ्यांच्या वतीनं देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम तिथल्या भाई गुरवांचं. त्यांनी त्याचा चेहरा बघून विचारलं, "नीट इचार केलंस मां? उद्या ह्या गाऱ्हाणा उतरवचा झाला तर ज्येच्यार घातलंस त्येका घेवनच हय येवक व्हया."

"तशी पाळी येवची नाय."

भाईंनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या तारेक जो कोण चोरून हात लावता, त्येचो हात जाग्यार धर, बोट हलाक देव नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" परशुराम इतक्या मोठ्यानं ओरडला की देवळातली कबुतरं उडाली. 

चार दिवसांनी, रात्रभर वारा सुटलेला, सकाळी लाईन पुन्हा गेली. परशुराम हौसाबाईच्या परड्यात जाऊन उभा राहिला. म्हातारी अंगणात बसून छपरावर घालायला झावळ्यांचे झाप विणत होती. तिच्या बाजूला झावळ्यांची रास होती, आणि वरच्या झावळीच्या देठात काळ्या तारेचा तुकडा अडकला होता. परशुरामानं तो ओढून काढला. त्याचीच फायबर.

"ह्या खंय गावला तुका?"

म्हातारीनं ती झावळी हलवून दाखवली. "ह्या चुडतात अडाकलेला. वारो इलो की चुडत पडता, तुझ्या तारेर आपाटता. ती जुनी तार जाडी, चुडत झेलून धरी. ही दोऱ्यासारकी, त्यात आता उन्हापावसान वाळलेली, ही काय धरतली?"

"मगे माका एकदा तरी चुडत दिसाक नको?"

"कसा दिसतला? पडलेला चुडत कोण ठेवता रे मेल्या? उजाडल्यार मी झाप इणूक उचलून हाडतंय."

परशुरामानं माडावरच्या काळ्या डब्यांकडे बोट दाखवलं. "आणि ते जोड?"

"ते तुझ्या भाच्याचे. यशोदा फोन करता, तो कामार जावच्या आधी येता, आपल्या मशीनीर जोडता आणि जाता. म्हणता, मामाक सांगू नको, तेका कमीपणा वाटात."

तेवढ्यात परड्याच्या टोकाला शिडी टेकल्याचा आवाज झाला. परशुराम वळून बघतो तो सर्वेश वर चढला होता आणि लोंबती तार धरायला त्यानं हात पुढे केला होता.

"सर्वेशा! हात काढ! तारेक हात लावू नको!"

इतक्या दिवसांनी मामाच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. सर्वेशचा चेहरा पडला. तो खाली उतरला आणि गुमान शिडी उचलू लागला. "चोरूक नाय इलंय, मामा. जोडूक इलंय."

"म्हायत आसा." परशुरामानं त्याचं मनगट धरलं, हात उलटसुलट करून बघितला. बोटं हलत होती. "देवळात चल."

"कित्या?"

"गाऱ्हाणा उतरवचा आसा."

सर्वेश गावचाच पोर, त्याला अधिक सांगावं लागलं नाही. "माझ्यार घातलंस?"

"नाव घेतलंय नाय."

"पण मनात कोण होतो?"

परशुरामानं त्याचं मनगट सोडलं नाही. 

सर्वेशनं हात सोडवून घेतला आणि शिडी पुन्हा माडाला टेकवली. "मामी वाट बघता. आधी ह्या जोडतंय, मगे जाव देवळात."

"नको रे, झिला. आधी देवळात."

सर्वेशनं ऐकलं नाही. वर जाऊन त्यानं दोन्ही हातांनी तार धरली. खाली परशुरामानं दोन्ही हातांनी शिडी धरली, आणि तो उतरेपर्यंत सोडली नाही.