अर्ध्या कळशीचा पिक्चर

माझ्या बाराव्या वाढदिवसाला मी एकाच मुलीला बोलावलं होतं, आणि तीच मला डोळ्यांसमोर नको होती. घरमालकिणीची मुलगी. माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावरची. तिला बोलवायचं, बसवायचं आणि बरोबर मध्यंतराला उठवून घरी पाठवायचं, एवढाच माझा बेत होता.

लातूर जिल्हा तेव्हा नुकता अंगवळणी पडत होता. नवी कचेरी, नव्या खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर बसायला नांदेडहून बदलून आलेले माझ्या वडिलांसारखे कारकून. आमच्या मागोमाग दुष्काळ आला. गल्लीत टँकर यायचा तो घरमालकिणीच्या हौदात रिकामा व्हायचा. हौदाला लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप आणि किल्ली तिच्या कमरेला. आम्हा भाडेकरूंना रोज सकाळी दोन कळशा मिळायच्या. गोदावरीच्या काठी वाढलेली माझी आई त्या दोन कळशांपायी घरमालकिणीपुढं कधी आवाज चढवत नसे.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्या मुलीचा वाढदिवस झाला. त्यांनी दिवसभरासाठी व्हिडिओ भाड्यानं आणला होता. शिवाय तिच्या काकानं परदेशातून पाठवलेला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता. सगळ्या गल्लीला आमंत्रण, फक्त येताना प्रत्येकानं एक कळशी पाणी आणायचं. त्या साली कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. घरात एकच कळशी उरली होती, त्यातलं अर्धं पाणी आईनं मला दिलं. म्हणजे त्यांच्याच हौदातलं पाणी घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्या मुलीनं कळशीत डोकावून पाहिलं आणि मला आत घेतलं. गेमसाठी रांगेत थांबले तर माझी पाळीच आली नाही. मग पिक्चर लागला. मध्यंतर आलं तशी ती उठली आणि सगळ्यांदेखत माझ्याकडं बोट केलं.

“आर्धी कळशी, आर्धा पिच्चर. ऊठ. जा घरी.”

वीस-पंचवीस पोरं फिदीफिदी हसली. तिची आईसुद्धा हसली. आणि मी उठले. तिनं उठवलं त्यापेक्षा मी मुकाट उठले, याचा मला जास्त संताप आला.

माझा वाढदिवस श्रावणात. पाच महिने मी तो राग लोणच्यासारखा मुरवला. बाकावर ती रबर मागायची, मी द्यायचे. गोड बोलायचे. आपल्याला इतकं बेमालूम सोंग वठवता येतं, हे मला तेव्हा कळलं. नांदेडला मामाचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, त्याला मी पत्र लिहिलं. श्रावण कोरडाच आला, पण मामा आला. एसटीत व्हिडिओ चादरीत गुंडाळून मांडीवर धरलेला, आणि पिशवीत आमच्या टीव्हीला जोडायचा दोन दांड्यांचा गेम.

“गल्लीतल्या पोरींला बोलवून ये की,” आई म्हणाली. “असं गुपचूप काय करून राहिलीस?”

“गाजावाजा नको. तिला एकटीलाच बोलावते.”

आई खूश झाली. पोरीला शहाणपण आलं, आता घरमालकीणही जरा नीट वागेल, असं तिला वाटलं असणार. मला मात्र उलटं काय होईल ते पक्कं ठाऊक होतं. मुलगी रडत घरी गेली की दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी हौदाचं कुलूप उघडणार नव्हतं. आईचे हाल होणार होते. तरी मी बेत बदलला नाही.

सकाळी आईनं दोन तांबे पाण्यात माझं न्हाणं उरकलं, ओवाळलं, शिरा दिला. दुपारी आई आणि मामा बाजारात गेले आणि ती आली. काखेत काठोकाठ भरलेली कळशी. याचा मी विचारच केला नव्हता. क्षणभर पंचाईत झाली, मग ठरवलं की कारण द्यायचंच नाही.

आधी गेम खेळलो. ती चारदा हरली आणि चारही वेळा खिदळली. “लई भारी हाय गं हे! आता रोज खेळू,” म्हणाली. खोटं कशाला सांगू, मलाही मजा आली. मग पिक्चर लावला. हाणामारीला ती माझा दंड घट्ट धरायची, आणि मी धरू दिला. पडद्यावर मध्यंतर आलं आणि मी व्हिडिओ बंद केला.

“जा आता घरी.”

“आन् ऱ्हायलेला पिच्चर?”

“तुझा संपला.”

“पर मी तर भरून आणली व्हती.”

मी तिची कळशी आमच्या हंड्यात ओतली आणि रिकामी तिच्या हातात दिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. पाच महिने मी त्या नजरेची वाट पाहत होते. ती गेली.

खिडकीतून पाहिलं तर ती घरी गेलीच नव्हती. एवढ्या लवकर परतली तर आई विचारणार, म्हणून रिकामी कळशी मांडीवर घेऊन आमच्याच पायरीवर बसली होती. आतला आवाज तिला ऐकू जात असणार. मी आवाज पार बारीक केला आणि उरलेला पिक्चर एकटीनं पाहिला. वाईट वाटलं का? नाही. छान वाटलं. फक्त उद्या सकाळची भीती वाटत होती.

सकाळी आईला पुढं होऊ न देता कळशा घेऊन मीच गेले. घरमालकिणीनं किल्ली काढली. “लई मजा केली म्हणं काल तुमच्याकडं. पोरगी सांगत व्हती,” म्हणाली, झाकण उघडलं आणि आत निघून गेली. पोहऱ्यानं पाणी काढायला मुलगी थांबली. पहिली कळशी भरून झाल्यावर तिनं हळूच विचारलं,

“पुढं काय झालं गं पिच्चरमधी?”

पिक्चरमध्ये हिरोचं लग्न झालं होतं, हरवलेला भाऊ सापडला होता, आंधळ्या आईला दिसायला लागलं होतं.

“सगळे मेले,” मी म्हणाले.

“त्याची आईबी?”

“आई सगळ्यात आधी.”

तिचे डोळे भरून आले. ते बाहीला पुसून तिनं पोहरा पुन्हा हौदात सोडला आणि माझी दुसरी कळशीही काठोकाठ भरली.