साडीखालची रात्र

घरात अळ्या पाळल्या की किस्से वेगळे पाळावे लागत नाहीत, तेही कात टाकत वाढतात. आमची सून मृणाल टसर रेशमाच्या अळ्यांवर पीएचडी करते, म्हणून आमच्याकडे ढीग साचलाय.

*

एका सोमवारी तिनं बोटभर हिरवी अळी दाखवायला आणली. मान वर करून स्तब्ध, पानाला तोंड लावेना.

"आजारी आहे का गं?"

"नाही आई, कात टाकायच्या आधी त्या खाणं सोडतात."

माझाही सोमवारचा उपास. आमचे हे म्हणाले, "तुह्याच गोत्रातली दिसून राहिली."

*

मृणालनं समजावलं, अळीचा मेंदू निरोप धाडतो, मग छातीतली ग्रंथी हार्मोन बनवते. त्यानंच कात पडते, कोष होतो.

"म्हणजे मेंदू सासू, ग्रंथी सून," मी म्हटलं.

"हो. पण हार्मोन पुरेसं झालं की सूनच सासूला कळवते, आता बस."

"मंग तं आपलंच घर हाय," हे म्हणाले.

*

नवरात्रात लॅबमध्ये वायरिंगचं काम निघालं. मृणालनं अळ्यांची शेवटची पेटी घरी आणली. या अळ्यांनी कोष केले तर प्रबंध पूर्ण, नाहीतर थेट पुढचा हंगाम. तिच्या प्रबंधासाठीच मी देवीला अखंड दिवा बोलले होते. पेटीही देवीच्या नजरेत राहावी म्हणून दिव्याशेजारी ठेवली.

सकाळी मृणालनं पेटी दिव्यापासून दूर ओढली. "आई, यांचा मेंदू अंधारावरून वेळ ओळखतो. यांना रात्रच झाली नाही."

मी दिव्याकडे बघितलं. तीच म्हणाली, "विझवायचा नाही हं. नवस आहे."

मग पेटी आतल्या खोलीत नेली, झाकण काढलं. रोज संध्याकाळी दिव्यात तेल घालायचं अन् पेटीवर माझी संक्रांतीची काळी साडी पांघरायची, सकाळी काढायची.

*

आरतीला शेजारच्या शोभाताई आल्या. "साडीखाली काय झाकून ठेवलं वं?"

"रात्र."

त्यांनी लांबूनच हात जोडले.

*

दसऱ्याच्या आधी अळ्यांनी पानं सोडली. आजारी की वेळ झाली, मृणाललाही सांगता येईना. साडी मात्र तिनं सकाळीही कुणाला काढू दिली नाही.

दसऱ्याला सकाळी बघितलं, पेटीत पानं तशीच, अळी एकही नाही. मृणालनं साडीच्या आतून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "आई, निरोप पोचला."

साडीच्या घडीघडीत बदामी कोष. आम्ही ती अलगद दोरीवर टाकली. सोनं द्यायला आलेल्या शोभाताईंनी दारातूनच चष्मा सावरला.

"कावं, काळ्या साडीवर एवढ्या बुट्ट्या काढून घेतल्या, कारागीर कोण हाय?"