वय ठाऊक नसलेला दगड

कल्लण्णा दगड चाटायचे. लपूनछपून नाही, चारचौघांत. बेंगळुरात सर्जापूर रोडला आमच्या इमारतींच्या मागे जो खडक आहे, म्हणजे होता, म्हणजे आता अर्धा आहे, तो बिल्डरच्या सुरुंगापासून वाचवायला आम्ही समिती काढली होती. पहिल्या बैठकीला मोठ्या आदराने या निवृत्त भूवैज्ञानिकांना बोलावलं. लोक खुर्च्या टाकून बसलेले, मी माईक पुढे केलेला, आणि हे वाकले, हातोडीने एक टवका उडवला आणि त्यावरून जीभ फिरवली.

"ओला केला की कण दिसतात," ते म्हणाले.

"पाण्याची बाटली आहे की, अण्णा."

"बाटली विसरते. जीभ सोबत असते."

लोक हसले. मी नाही हसले. या खडकाला कुणी हात लावायचा नाही, असं पत्रक मी आदल्याच दिवशी घरोघर वाटलं होतं, आणि पहिला टवका आमच्याच पाहुण्याने काढला होता.

त्यांचं खरं नाव वेगळं. कन्नडमध्ये कल्लू म्हणजे दगड, म्हणून गल्लीतल्या पोरांनी कल्लण्णा केलं आणि ते त्या नावाला ओ देत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नडमधले 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, हे शब्द इतके मुरलेले, की मी निपाणीची, मला कन्नड येतं, तरी कधी कधी त्यांची मराठी ऐकताना थबकायची.

'स्वल्प'चा तर त्यांनी कहर केला होता. "अण्णा, हा खडक नक्की किती जुना?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. पत्रकात आकडा लागतो.

"तीनशे कोटी वर्षं. स्वल्प इकडेतिकडे."

"स्वल्प म्हणजे किती?"

"एखाददोन कोटी."

भाजीवालीकडे कोथिंबीर स्वल्प जास्त मागावी, त्या आवाजात. मी माणसांच्या आयुष्यातल्या पाच-दहा वर्षांसाठी भांडणारी. या माणसाशी बोलायचं कोणत्या मापात, हेच मला कळेना.

त्यांनी उभं आयुष्य एका प्रश्नात घालवलं होतं: पृथ्वी तापलेली, उकळती होती, तेव्हा तिच्यावर पहिलं कवच धरलं कसं? मला समजावताना त्यांनी अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दुधाचं पातेलं आणायला लावलं. "बघ. निवतंय तशी साय धरते. परत उकळी आली की मोडते. मोडलेल्या सायीचा एखादा तुकडा बुडत नाही, तरंगत राहतो. त्या तुकड्यावर तुमची इमारत उभी आहे." अक्का म्हणाल्या, "कळ्ळं ना? आता ते दूध द्या इकडे. कॉफी राहिलीये."

हे सगळं गोड होतं. पण असे खडक फोडून विकणाऱ्या खाणवाल्यांचं काय? मी पत्रकांत त्यांना दरोडेखोर लिहायची आणि अण्णा त्यांच्या मुलींच्या लग्नाला जायचे. एकदा मी तोंडावर विचारलं. ते जराही वरमले नाहीत. "उन्हापावसात राहिलेला वरचा दगड कुजलेला असतो. त्याचं वय काढता येत नाही. ताजा दगड आत. आत जायला दार खाणवाला उघडतो. माझा एकूणएक शोध सुरुंगाच्या मागोमाग आलाय, पोरी." मग तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या? "मी दगडाच्या बाजूचा." हे उत्तर नव्हे. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं.

आमचं पहिलं मोठं भांडण पत्रकावरून झालं. मी मथळा दिला होता: 'जगातला सर्वात जुना खडक फोडू देणार नाही.' अण्णांनी 'जगातला सर्वात जुना' यावर काट मारली.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच म्हणालात, तीनशे कोटी."

"असा खडक या गावाखाली सगळीकडे आहे. इथल्या लालबागेत लोक त्यावर बसून शेंगा खातात."

"अण्णा, लोक मथळा वाचतात. खालचं कुणी वाचत नाही."

"म्हणूनच काट मथळ्यावर मारली."

मी रागाने निघाले तशी अक्कांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि कारण सांगितलं. तरुणपणी अण्णांना एका दगडात झिरकॉनचे काही कण सापडले होते. झिरकॉन म्हणजे रेतीहून बारीक स्फटिक, त्याच्यावरून खडकाचं वय निघतं. त्या कणांचं वय भलतंच जुनं निघालं. नाव झालं, परदेशातून बोलावणी आली. मग यांनाच शंका आली. नमुना ज्या क्रशरमध्ये भरडला, त्यात आधी दुसऱ्या मुलुखातला दगड भरडलेला होता. जबड्याच्या फटीत त्याचे चार कण राहिले होते, तेच यांच्या दगडात मिसळले.

"कुणी पकडलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. यांनीच छापून सांगितलं. बोलावणी बंद झाली," अक्का म्हणाल्या. आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "यांचा क्रशर यांनीच नीट झाडला असता तर मी पण विमानात बसले असते."

बाहेरून आवाज आला, "सरी, सरी."

मला तेव्हाही समजलं नाही आणि आजही नीट समजत नाही. कुणी विचारलं नव्हतं. सांगायचं कशाला?

खडक फोडायच्या परवानगीच्या सुनावणीत आम्ही हरलो. अर्धा खडक आम्हाला, अर्धा बिल्डरला, असा निकाल झाला. आम्ही घोषणा देत बाहेर आलो, आणि अण्णा आतच थांबले. का, तर सुरुंग लावाल त्या दिवशी मला कळवा, ताजे तुकडे हवेत, असा अर्ज करायला. पुढचे कित्येक दिवस हेच दृश्य होतं: पत्र्याच्या कुंपणाबाहेर फलक धरून आम्ही, आणि आत हेल्मेट घालून, मुकादमाबरोबर चहा पीत आमचेच सल्लागार. समितीतले लोक मला विचारायचे, हे गृहस्थ नक्की कोण आहेत?

एका दुपारी मात्र त्यांनी मला स्वतःहून फोन केला. तसा ते कधी करत नसत. "आत ये. मुकादमाला सांगितलंय." नव्याने उघडलेल्या करड्या कड्यात एक काळपट ढेकूळ दिसत होतं, म्हशीएवढं. अण्णांनी त्याला जीभ लावली नव्हती. नुसते उभे होते.

"हा बाकीच्या खडकातला नाही," ते म्हणाले. "करडा खडक वितळलेला असताना हा आधीपासून घट्ट होता. त्याच्यात अडकला."

"म्हणजे त्याहून जुना."

"त्याहून जुना."

"किती?"

"ठाऊक नाही. भरडायचं, कण वेचायचे, यंत्रावर पाठवायचे. महिने जातात."

"उद्या सकाळी सुरुंग आहे, अण्णा." माझा आवाज चढला होता. "खोटं बोला म्हणत नाही. 'देशातला सर्वात जुना खडक असण्याची शक्यता', एवढं लिहून द्या. आत्ता जाऊन स्थगिती आणते."

"शक्यता तर तुझ्या चपलेखालच्या खड्याचीही आहे."

"तुम्हाला हा वाचलेला नको आहे?"

ते दगडावर तळवा टेकवून म्हणाले, "मला जितका हवाय तितका तुला नकोय." आणि कागदावर लिहून दिलं: हा खडक वेगळा दिसतो, तपासेपर्यंत थांबावे, वय ठाऊक नाही.

मी तो कागद घेऊन धावले. सुनावणी घेतलेल्या साहेबांनी वाचला, मान हलवली. "वय ठाऊक नाही, मग थांबवू कशाच्या आधारावर, मॅडम?" सकाळी सुरुंग उडाला. अण्णा आदल्या संध्याकाळी हातोडीने निघाले तेवढे तुकडे पिशवीत घालून घेऊन गेले होते.

पंधरवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग अक्कांचा फोन आला, "ते जुन्या प्रयोगशाळेत जाऊन बसतात. जेवणाचा डबा तरी नेऊन दे." गेले. अण्णा क्रशर उघडून जबड्यातून ब्रश फिरवत होते. आधीचे कण निघून यावेत म्हणून पांढरी गारगोटी भरडायची, फेकायची, पुन्हा ब्रश, पुन्हा गारगोटी. तो दगड अजून पिशवीतच. मी आत पाऊल टाकणार, तोच त्यांनी हात वर केला.

"तिथेच थांब. कुंपणावरून आलीस ना? तुझ्या ओढणीवर त्याच खडकाची धूळ आहे."

मी डबा उंबऱ्यावर ठेवला. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं, चांगलं धारदार, पण उंबऱ्याबाहेरून ते फेकता येईना. ते म्हणाले, "अक्काला सांग, आज भात संपवतो." त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दगड भरडून, कण वेचून झाले, आणि एके सकाळी कॉफी निवायच्या आत अण्णा गेले.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या विद्यार्थ्याला भेटले. नमुना यंत्राच्या रांगेत आहे. "निकाल आला की कळवू?" त्याने विचारलं. मी लगेच हो म्हणाले. जुना निघाला, तर 'वय ठाऊक नाही' या एका ओळीपायी तो खडक गेला म्हणून मला अण्णांवर चिडावं लागेल. साधाच निघाला, तर त्यांनी लिहिलं ते बरोबर, आणि खडक तरीही गेलाच. रस्त्यावर आल्यावर वाटलं, नकोच कळवू म्हणून सांगावं. परत फिरले, त्याच्या दारापर्यंत गेले, आणि काही न सांगता तशीच आले.