बगळ्यासाठी शिवलेला तंबू

पाखरांचं वेड शिंपीणबाईंना मुळीच नव्हतं. ते होतं त्यांच्या नवऱ्याला. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर वर्षभर एकाच मोहिमेच्या मागे लागले होते. दलदलीतल्या लव्हाळ्यात तपकिरी जातीचा एक बगळा राहत असे. त्याचं घुमणं पुष्कळांनी ऐकलं होतं, पण तो पाहिल्याचं छातीठोक सांगणारं कुणी भेटत नव्हतं.

जेवणाचं टेबल नकाशांनी अडवलेलं, म्हणून दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवत. पाणी कधी उतरतं, वारा कुठून येतो, लपायचं कुठे, याचा काथ्याकूट चाले. लेकीच्या लग्नातसुद्धा एवढा खल केला नव्हता, असं बाई म्हणत.

लपायचा तंबू शिवायचं काम अर्थातच त्यांच्या गळ्यात पडलं. मास्तरांनी आणलेलं हिरवंगार कापड त्यांनी बाजूला सारलं, वाळक्या लव्हाळ्याची पेंडी मशीनशेजारी उभी केली, आणि तोच रंग चढेपर्यंत जुने पडदे चहाच्या पाण्यात उकळले.

"वहिनी, बगळ्याला जावई करून घेताय की काय?" दिराने चेष्टा केली. बाई टाके घालत राहिल्या.

ठरल्या दिवशी पहाटे दिराने दोघांना गाडीतून दलदलीच्या काठी सोडलं. तंबूत बसून मास्तर दुर्बिणीने लांबलांबचं धुंडाळत होते. बाई कंटाळून गेल्या आणि आपल्या कापडाचा रंग समोरच्या लव्हाळ्याशी ताडून बघू लागल्या. एक पट्टा काही केल्या जुळेना. वारा आला, सगळं लव्हाळं झुकलं. तो पट्टाही झुकला, पण किंचित उशिरा. मग त्यावर त्यांना एक डोळा दिसला. पिवळा, उघडा.

चोच आभाळाकडे रोखून बगळा अगदी समोर उभा होता. किती वेळचा, कोण जाणे. बाईंनी मास्तरांचा दंड हलकेच दाबून तिकडे बोट केलं. मास्तरांनी दुर्बीण मांडीवर ठेवली. बगळ्याने एक पाय उचलला, पाण्यावर तरंग न उमटवता टेकवला, दुसरा उचलला, आणि लव्हाळं त्याच्यामागे मिटलं.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. "अगं, तो आपल्याकडेच बघत होता," ते म्हणाले.

न्यायला आलेल्या दिराने विचारलं, कसा होता. बाईंनी हात अंगाशी घेतले, हनुवटी आभाळाकडे उचलली आणि तशाच उभ्या राहिल्या. दीर हसला नाही.