सडा तुटला, सोयरीक तुटली
स्पिरिटचा वास आला की आरोंद्याजवळचा तो तापलेला सडा, ते उघडं कातळाचं पठार आठवतं. नव्या रस्त्यामुळे दोन्ही बाजूंच्या सरड्यांची जनुकं वेगळी होतायत का, हे शोधायला मी त्यांच्या शेपटांची टोकं स्पिरिटच्या बाटल्यांत भरत होतो. रस्त्याने जिची काजूबाग दुभंगली ती म्हातारी गडग्याच्या, बागेच्या दगडी कुंपणाच्या, दगडांवर हात ठेवून बघत होती. रस्त्यापलीकडे एक सरडा मान डोलवत होता, अलीकडचा त्याला उत्तर देत होता, आणि मधलं डांबर नुसतं धुमसत होतं. “गडगो ते चढतत, रस्तो नाय. हेंची सोयरीक तुटली रे झिला,” ती म्हणाली, “आता घरातल्या घरात लग्नां.” मी हसलो. इतक्या वर्षांनी त्याच गडग्यावरून नव्या बाटल्या आल्या. तपासणीत तिथले सगळे सरडे एकमेकांच्या सख्ख्या भावंडांसारखे ठरले. सोबत गडग्याखाली सापडलेली अंडी आहेत. एकातूनही पिल्लू निघालेलं नाही.