बिनबटाट्याची शिवरात्र

शुक्रवार, ७ मार्च १९९७. मयूर विहार. महाशिवरात्र. नळाला पाणी उशिरा. लिफ्ट पुन्हा बंद. उपवासासाठी बटाटे उकडून ठेवले. दुपारी समोरच्या इंदुमतीची तब्येत एकाएकी बिघडली. सावकाश, नीट लिहून ठेवायला हवं.

इंदुमती पेंढरकर माझ्या समोरच्या दारात राहते. लग्न होऊन साताऱ्याहून दिल्लीला आली ती सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. पुढे यजमानांना, मुरलीधररावांना, पेन्शन लागली आणि ही दोघं यमुनेपलीकडच्या या नव्या सोसायटीत राहायला आली. एकुलता एक मुलगा विक्रांत गुडगावला परदेशी कंपनीत आहे, रविवारी येतो. गणपतीच्या मांडवात साऱ्या मंडळाला पुरेल एवढी बटाट्याची भाजी इंदुमती एकटी करायची. मीठ अंदाजाने टाकायची, पण ते कधी चुकलं नाही.

दिवाळीनंतर तिला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सांगितलं, साखर, भात, बटाटा जपून खा. "जपून" हा शब्द मुरलीधररावांच्या कानात शिरलाच नाही. हे गृहस्थ जन्मभर ऑडिटमध्ये होते. त्याच संध्याकाळी साखरेचा डबा कामवालीच्या पिशवीत गेला आणि बटाट्याची टोपली रिकामी झाली.

बटाट्याच्या जागी मग एकेक भाजी येऊ लागली. शलगम, फ्लॉवरचे देठ, दुधी, क्वचित इथे ज्याला जिमीकंद म्हणतात ते सुरण. ठेल्यापाशी मुरलीधरराव विचारायचे, "भैया, इसमें मीठा कितना है?" भाजीवाला म्हणायचा, "बाबूजी, सब्ज़ी है, जलेबी नहीं." एकदा इंदुमतीने शलगमचे वडे केले. माझ्या बशीत एक ठेवून म्हणाली, "ताई, डोळे मिटून खा आणि बटाटावड्याची आठवण काढू नका." वडा वाईट नव्हता. फेब्रुवारीच्या तपासणीत तिची साखर छान उतरली होती. ती बातमी सांगायला मुरलीधरराव आले ते पेढे घेऊन नव्हे, काकड्या घेऊन.

शिवरात्र ती लहानपणापासून करते. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा, बटाटा, रताळं, भगर यांच्या जोरावरच आपले उपवास तडीस जातात. या खेपेला मुरलीधररावांनी ते सगळं तिच्या ताटातून काढून टाकलं. उरली जिऱ्याच्या फोडणीची दुधीची भाजी, काकडी आणि ताक. सकाळची गोळी मात्र त्यांनी रोजच्यासारखी स्वतः तिच्या हातावर ठेवली.

दुपारी चहाच्या सुमाराला बेल वाजली. दारात मुरलीधरराव होते.

"वहिनी, जरा येता? तुमचं ऐकेल ती. चोरून काहीतरी खाऊन आली आहे."

"कोण, इंदुमती?"

"खाली भाजलेली रताळी विकणारा शकरकंदीवाला उभा असतो ना गेटवर. दूध आणायला गेली होती. साखर चढली आहे तिची, डोक्यात गेली आहे. मला म्हणते, तुम्ही कोण."

ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर ताकाचं भांडं कलंडलेलं होतं. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. हात थरथरत होते. मार्चची सुखद हवा, वर पंखा चालू, आणि हिच्या कपाळावरून घाम गळत होता. मी मानेला हात लावला. मान गार होती, ओलीचिंब.

तो गारवा माझ्या हाताच्या ओळखीचा होता. माझे यजमान इन्शुलिन घेत असत. जेवायला उशीर झाला की असेच भिजत, असेच भांडत.

"भाऊजी, साखर चढली नाही. उतरली आहे, फार उतरली आहे. साखर द्या तिला."

"साखर? वहिनी, मधुमेह आहे तिला."

"सकाळपासून काय खाल्लं तिने?"

"दुधी. ताक. सगळं नियमाने."

"आणि गोळी?"

"गोळी मी स्वतः दिली."

मी माझ्या घरी जाऊन साखरेची वाटी घेऊन आले. दाराशी त्यांनी माझ्या हातातून वाटी काढून घेतली. ओढली नाही, काढून घेतली. आवाजही चढवला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"दिवाळीपासून या घरात साखरेचा कण आलेला नाही," ते म्हणाले. "मीही बिनसाखरेचा चहा पितो. तुम्ही एका चमच्यात सगळं घालवायला निघालात. आपण डॉक्टरांना फोन लावू."

"लावा. आधी साखर."

"आधी फोन."

त्यांनी वाटी फोनशेजारी ठेवली आणि नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. टेबलाकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इंदुमती एका बाजूला झुकली होती. मी तिला धरलं. हाक मारली तर नुसती हुंकारली.

"मुरलीधरराव," मी म्हटलं. एरवी मी त्यांना नावाने हाक मारत नाही. "माझं चुकलं तर साखर आज वाढेल, उद्या उतरेल. तुमचं चुकलं तर?"

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला, नीट जागेवरसुद्धा नाही, आणि वाटी घेऊन आले. तिला गिळता येईल की नाही याची मला खात्री नव्हती. मी म्हटलं, बोट ओलं करा, साखर गालाच्या आत चोळा, थोडी थोडी. त्यांनी तसं केलं. बराच वेळ काहीच झालं नाही. खाली कुणी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

मग तिने जीभ हलवली. थोड्या वेळाने गिळलं. मी साखरपाणी केलं, ते तिने घोटघोट घेतलं. घाम थांबला. तिने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "ताई, उपास मोडला का माझा?"

"साखर उपासाला चालते गं."

"बाहेर काही खाल्लं होतंस?" मुरलीधररावांनी विचारलं. आवाज अगदी खाली आला होता.

"काय खाणार? पैसे दुधापुरतेच दिले होतेत तुम्ही."

नुसत्या साखरेवर भागणार नव्हतं, पोटात काहीतरी टिकणारं हवं होतं. मी माझा उकडलेला बटाटा घेऊन आले. मुरलीधररावांनी तो सोलला, वर मीठ आणि दाण्याचं कूट घातलं आणि बशी तिच्यापुढे सरकवली. ती बशीकडे पाहत राहिली.

"अगं खा," ते म्हणाले. "मी बघत नाही." आणि खरंच खिडकीशी जाऊन उभे राहिले.

फोन लागला तेव्हा डॉक्टर त्यांनाच रागावले. उपाशीपोटी गोळी द्यायची नसते. यापुढे उपवास असला तर आधी विचारा. उद्या सकाळी तिला घेऊन या. बटाटा बंद करा असं मी म्हटलं नव्हतं, बेताने खा म्हटलं होतं. मुरलीधरराव "जी, जी" म्हणत होते. रिसीव्हर ठेवून म्हणाले, "वहिनी, रात्री दार नुसतं लोटून ठेवतो. मधेच येऊन बघाल?"

रात्री दोनदा जाऊन आले. इंदुमती शांत झोपली आहे. साखरेची वाटी त्यांच्याकडेच राहिली.