मागच्या दाराकडचा उतार

ओल्या सिमेंटचा वास आला की मला सावित्री नदीकाठच्या तुडील गावातल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. घराची जमीन मागच्या दाराकडे उतरती होती. माजघरात सुपारी ठेवली तर घरंगळत थेट परसात जायची. ती मातीची जमीन बाबांनी स्वतः चोपून केली होती. मी मुंबईहून सुट्टी काढून आलो आणि फरशी बसवायला महाडचा गवंडी लावला. बाबा म्हणाले, "जरा उतार राहू दे रं. सावित्रीचं पाणी घरात आलं तर त्याला जायाला वाट नको?" मी गवंड्यासमोरच हसलो. "बाबा, तेव्हा तुम्हाला लेवल जमली नाही, असं सरळ सांगा ना." ते उठून अंगणात जाऊन बसले. फरशी अगदी सपाट झाली. त्याच पावसाळ्यात नदी घरात घोटाभर चढली. मी पोचलो तेव्हा ती ओसरली होती, पण घरातलं गढूळ पाणी जागचं हललं नव्हतं, आणि बाबा उकिडवे बसून सुपलीनं ते दाराकडे लोटत होते. मदतीला आलेल्या शेजारच्या काकांनी विचारलं, "उतार कुणी मोडला?" मान वर न करता बाबा म्हणाले, "मीच सांगितलं व्हतं सपाट कराया. माझीच चूक हाय." मी खाली वाकून खराट्यानं पाणी लोटू लागलो. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावात अजूनही कुणीतरी म्हणतं, "म्हाताऱ्याला फरशीची हौस नडली," आणि मी अजूनही मान डोलावतो.